विनोबांचा दिनक्रम

आचार्य विनोबा भावे यांचे नाव उच्चारताच प्रथम आठवते ती भूदानाची पदयात्रा. पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात चालू लागलेली कृश मूर्ती, डोक्यावर कानटोपीसारखे गुंडाळलेले फडके, मागे चालणारे कार्यकर्ते आणि वाटेवर ताटकळत उभे असलेले गाव. तेरा वर्षे हा माणूस देशभर पायी हिंडला. त्यामुळे त्यांचे शरीर मुळातच काटक आणि निरोगी असले पाहिजे, अशी समजूत सहज होते. ती खरी नाही. विनोबांची प्रकृती जन्मभर नाजूक होती. पोटाचे दुखणे त्यांच्या पाचवीला पुजलेले होते. वयाच्या ४२व्या वर्षी त्यांचे वजन अवघ्या ८८ पौंडांवर आले होते आणि त्यांच्या निकटवर्तीयांना त्यांच्या जगण्याचाच भरवसा वाटेनासा झाला होता. त्यानंतर ते ४४ वर्षे जगले आणि त्यांचे सर्वांत कष्टाचे काम त्याच काळात झाले. हे कसे घडले याचे उत्तर त्यांच्या अलौकिकत्वात शोधण्यापेक्षा त्यांच्या दिनक्रमात शोधणे अधिक उपयोगाचे आहे.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. आजोबा शंभुराव हे व्रतस्थ, पूजाअर्चेत रमणारे गृहस्थ. वडील नरहरराव मात्र आधुनिक वळणाचे, विज्ञानाची आवड असलेले, रंगकामाच्या शास्त्रात पारंगत. नोकरीनिमित्त ते बडोद्यास गेले आणि भावे कुटुंब तेथेच स्थिरावले. विनोबांचे शिक्षण झाले ते बडोद्यात. घरात मराठी, बाहेर गुजराती, आणि वडिलांच्या आग्रहास्तव शाळेत दुसरी भाषा म्हणून चक्क फ्रेंच. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाच्या वाट्याला येणारी ही भाषांची सरमिसळ त्यांच्या पथ्यावरच पडली.

आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. विनोबांवरील संस्कारांचा विषय निघाला की त्यांनी स्वतः सर्वाधिक श्रेय दिले ते आईला. या माउलीची एक हकीकत विनोबा पुढे अनेकदा सांगत. देवाला एक लाख तांदळाचे दाणे वाहण्याचे व्रत तिने घेतले होते आणि रोज बसून ती एकेक दाणा मोजून वाही. वडिलांनी हे पाहिले आणि हिशेबी बुद्धीला सुचेल तोच उपाय सुचवला. एक तोळा तांदूळ तोलावेत, त्यातले दाणे मोजावेत, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि शंका नको म्हणून अर्धा तोळा अधिक घालावेत. आईला यावर उत्तर सुचेना. तिने मुलाला विचारले. विनोबांनी सांगितले की हा गणिताचा प्रश्नच नाही. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण घडते आणि मन तेथे गुंतते, म्हणून एकेक मोजायचे. आईला हे पटले, आणि वडिलांनाही ते सांगण्यात आले. कामाचे फळ आणि काम करतानाची चित्ताची अवस्था या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या मुलाला कोवळ्या वयात उमगले होते. त्याचा विस्तार पुढे आयुष्यभर होत गेला.

दुसरी हकीकत थोडी गमतीची आहे. स्वयंपाक करताना आई भजने म्हणत असे आणि त्यात ती इतकी रंगून जाई की भाजीत मीठ घातले की नाही याचे भान तिला राहत नसे. कधी ते दोनदा पडे. विनोबा सर्वांत आधी जेवायला बसत, पण त्यांचे लक्षही जेवणात नसल्यामुळे ते काहीच न बोलता उठून जात. नंतर वडील पानावर बसले की मग चूक उघडकीस येई. आई भजनात आणि मुलगा विचारात, असे ते घर होते. जेवताना चवीकडे लक्ष न देण्याची ही सवय विनोबांनी पुढे अस्वादव्रताच्या रूपाने जोपासली; मात्र काय खाल्ले, किती खाल्ले आणि त्याचा शरीरावर काय परिणाम झाला याची नोंद ते पुढे इतक्या काटेकोरपणे ठेवू लागले की वडिलांची तोळा-मासा मोजणारी बुद्धी त्यांच्यात पुरेपूर उतरली होती असेच म्हणावे लागते.

लहानपणीच त्यांनी ब्रह्मचर्याचा संकल्प केला आणि त्याला पोषक म्हणून गादीवर निजणे व पायात जोडे घालणे सोडले. बडोद्याच्या रणरणत्या उन्हात हा मुलगा अनवाणी मैलोन्‌मैल भटके. चालण्याचे हे वेड शेवटपर्यंत सुटले नाही. परीक्षांचे मात्र त्यांना कधीच आकर्षण वाटले नाही. एके दिवशी चुलीपाशी बसून त्यांनी आपली प्रशस्तिपत्रके जाळून टाकली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसलेले विनोबा सुरतेस उतरले आणि काशीला निघून गेले. काशीत हिंदू विश्वविद्यालयातील गांधीजींच्या भाषणाचा वृत्तान्त त्यांच्या वाचनात आला, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. त्या वेळी गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी एक सुरी या नवागताच्या हातीही दिली. हिमालय आणि बंगाल, शांती आणि क्रांती अशा दोन ओढींच्या कात्रीत सापडलेल्या २० वर्षांच्या तरुणाची आश्रमातील पहिली दीक्षा ही अशी भाजी चिरण्याची होती. घरी त्यांनी हे काम कधी केलेले नव्हते.

आश्रमातील अंगमेहनत त्या देहाला झेपली नाही. वर्ष उलटण्याच्या आत विनोबांना अशक्तपणाने गाठले. १९१७ साली त्यांनी गांधीजींकडून एक वर्षाची रजा घेतली. प्रकृती सुधारणे आणि संस्कृत शास्त्रांचा अभ्यास हे दोन हेतू. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रे आणि योगसूत्रे यांचे अध्ययन झाले. त्या वर्षाचा जो अहवाल त्यांनी गांधीजींना पत्राने कळवला, तो आजही वाचण्यासारखा आहे. प्रकृतीसाठी त्यांनी आधी रोज दहा-बारा मैल चालण्यास सुरुवात केली, मग जात्यावर सहा ते आठ शेर धान्य दळले, आणि शेवटी रोज ३०० सूर्यनमस्कारांपर्यंत मजल नेली. आहाराचे प्रयोग चालूच होते. काही काळ केवळ दूध, केळी आणि लिंबू यांवर राहून पाहिले. शक्ती घटते असे दिसताच तो प्रयोग त्यांनी बंद केला. याच काळात त्यांनी महाराष्ट्रात सुमारे ४०० मैलांची पायी यात्रा केली, गावोगावी गीतेवर प्रवचने दिली आणि वाईत एक वाचनालय काढले. या वाचनालयाला पैसा कोठून आणायचा, तर मुलांनी लोकांचे धान्य दळून द्यायचे आणि दळणावळीतून पुस्तके घ्यायची. व्यायाम, अध्ययन आणि समाजकार्य यांसाठी तीन स्वतंत्र तास काढण्याची गरज त्यांना पडली नाही. एका जात्यातून तिन्ही निघाले. रजेचे वर्ष ज्या दिवशी संपत होते नेमक्या त्याच दिवशी ते साबरमतीला हजर झाले. परतण्याचा वायदा केला होता हे गांधीजींच्या लक्षातही नव्हते.

एप्रिल १९२१ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा वर्ध्याला आले आणि तेथील आश्रमाचे संचालन पाहू लागले. पुढची तीस वर्षे वर्धा आणि त्याचा परिसर हीच त्यांची कर्मभूमी. मधल्या काळातील तुरुंगवासांपैकी एका तुरुंगवासाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून ती मराठी वाचकाला लाभली. संस्कृत न येणाऱ्या आईसाठी केलेली ‘गीताई’ही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली; दुर्दैवाने आई १९१८ सालीच निवर्तली होती.

या प्रवचनांपैकी सहाव्या अध्यायावरील प्रवचनात ध्यानाचा विचार आहे. चित्ताची एकाग्रता साधायची तर केवळ आसन घालून डोळे मिटून भागत नाही, असे विनोबांचे प्रतिपादन होते. दिवसभर इंद्रिये मोकाट सोडायची आणि ठरावीक अर्धा तास मनाला बांधून ठेवू पाहायचे, हा त्यांच्या मते वेडा उद्योग होता. एकाग्रतेला जोड हवी ती जीवनातील परिमिततेची, म्हणजे खाणे, झोपणे, बोलणे, पाहणे, ऐकणे या साऱ्यांना माप असण्याची. आणि दुसरी जोड हवी ती जगाकडे मंगल दृष्टीने पाहण्याची. भय आणि संशय बाळगणाऱ्याचे चित्त स्थिर होऊ शकत नाही, कारण त्याला सतत पहारा करावा लागतो. आज सजगतेच्या साधनेविषयी पुष्कळ लिहिले व शिकवले जाते. त्यातील बरेचसे श्वासाच्या अभ्यासापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. विनोबांनी प्रश्न स्वयंपाकघरात, शेतात आणि संडासाच्या सफाईत नेऊन सोडवायला घेतला, हा त्यांचा वेगळेपणा.

पण परिमिततेचा हा उपदेशक स्वतःच्या देहाच्या बाबतीत काही काळ माप विसरला होता, हेही नमूद करणे प्राप्त आहे. १९३२ सालच्या डिसेंबरात ते वर्ध्याजवळील नालवाडी या वस्तीत राहायला गेले. सूत कातणाऱ्या गरीब बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यात माणूस जगू शकतो का, हे स्वतः जगून पाहावे म्हणून त्यांनी टकळीवर आणि चरख्यावर दिवसाचे आठ-नऊ तास कताई आरंभली. उजव्या हाताबरोबर डाव्या हातानेही टकळी फिरवण्याचा सराव केला. शिकवणे, चर्चा करणे हेही कातता कातता चाले. मजुरी तुटपुंजी, म्हणून आहारही तुटपुंजा. हा प्रयोग कातणाऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाचा होता. चरखा संघाने याच सुमारास किमान मजुरीचे धोरण स्वीकारले. परंतु प्रयोग करणाऱ्याची प्रकृती खालावत गेली. १९३८ साली वजन ८८ पौंड भरले ते या पार्श्वभूमीवर.

बातमी सेवाग्रामला गांधीजींच्या कानी गेली. त्यांनी विनोबांना बोलावून घेतले आणि थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहण्याचा सल्ला दिला. विनोबांनी थोडी मुदत मागितली आणि ठिकाणाची निवड स्वतः केली. वर्ध्यापासून पाच-सहा मैलांवर, धाम नदीच्या काठी, पवनार गावाजवळ जमनालालजींचा एक बंगला रिकामा पडलेला होता. ७ मार्च १९३८ रोजी विनोबा तेथे राहायला गेले. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात संन्यासाचा उच्चार केला. आश्रमाचा कारभार, संस्थांच्या चिंता, पत्रव्यवहार, वादविवाद हे सारे त्या क्षणापुरते पुलाच्या अलीकडे राहिले. चित्त रिकामे ठेवायचे एवढाच पहिला उपचार होता.

दुसरा उपचार कुदळीचा. बंगल्याभोवतीच्या जमिनीत ते खणू लागले. पहिल्या दिवशी अवघी पाच मिनिटे. अशक्त माणसाला याहून अधिक झेपणे शक्यच नव्हते, आणि विनोबांनी तसा आग्रहही धरला नाही. दुसऱ्या दिवशी त्यात अगदी थोडी भर घातली, तिसऱ्या दिवशी आणखी थोडी. कुदळ चालवताना मध्येच काही क्षण थांबावे, दम घ्यावा, पुन्हा चालवावी. असे करता करता खणण्याचा वेळ तासांवर गेला. आहार साधा, मोजका आणि वेळच्या वेळी, झोप पुरेशी, मनावर ओझे नाही. सुमारे दहा महिन्यांत त्यांचे वजन ४० पौंडांनी वाढून १२८ पौंड झाले. कोणताही डोंगर चढावा लागला नाही, कोणत्याही वैद्याची ख्याती वाढली नाही.

या हकीकतीतील पाच मिनिटांकडे विशेष लक्ष द्यायला हवे. प्रकृती सुधारण्याचा निश्चय बहुतेक माणसे आयुष्यात अनेकदा करतात, आणि उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी तासभर व्यायाम करून तिसऱ्या दिवशी अंग धरून बसतात. नालवाडीच्या विनोबांचाही स्वभाव तोच होता. एकदा ठरवले की सगळे पणाला लावायचे. पवनारच्या विनोबांनी या स्वभावाला मुरड घातली. संकल्प मोठा करण्याऐवजी मात्रा लहान केली आणि ती चुकवली नाही. त्यांच्या चरित्रातील हे वळण भूदानाइतके प्रसिद्ध नाही. परंतु ते घडले नसते तर १९५१ साली चालायला विनोबा उरलेच नसते.

याच खोदाईच्या काळात जमिनीतून एक प्राचीन शिल्प वर आले. राम आणि भरत यांच्या भेटीचा प्रसंग त्यात कोरलेला आहे, असे विनोबांनी ओळखले. पवनार परिसरात वाकाटककालीन अवशेष सापडतात, त्यातलेच हे एक. धुळ्याच्या प्रवचनांत बाराव्या अध्यायाचे विवेचन करताना लक्ष्मणाची सगुण आणि भरताची निर्गुण भक्ती यांची तुलना त्यांनी केली होती आणि भरतभेटीचे चित्र कसे असावे हेही रंगवले होते. मनात घोळलेला प्रसंग सहा वर्षांनी कुदळीच्या टोकाला लागावा, हा योगायोग त्यांना ईश्वरी प्रसाद वाटला. ती मूर्ती आजही परंधाम आश्रमात आहे.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे भाषण करून विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ केला. पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली तेव्हा हा कोण, असा प्रश्न देशातील अनेकांना पडला. पुढे तुरुंग आले. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषा एकदमच शिकायला घेतल्या. तुरुंगातले जीवन त्यांना कधी कष्टाचे वाटले नाही, कारण ठरल्या वेळी उठणे, ठरल्या वेळी खाणे आणि ठरलेले काम करणे ही शिक्षा त्यांनी स्वतःला केव्हाच देऊन ठेवलेली होती.

सुटकेनंतर १९४६च्या सुमारास त्यांनी पवनारहून तीनेक मैलांवरील सुरगाव या खेड्यात रोज सफाईसाठी जाणे सुरू केले. खांद्यावर फावडे, जाताना तीन मैल, येताना तीन मैल. थंडी असो, पाऊस असो, वार कोणताही असो. लोक रस्त्याच्या कडेला शौचाला बसत, आणि विनोबा जाऊन ती घाण मातीने झाकत. सूर्य जसा रजा घेत नाही तसे हे काम, अशी त्यांची धारणा होती. एकदा पुराने वाट अडवली. पाणी ओलांडणे अशक्य झाले तेव्हा त्यांनी काठावर उभे राहून पलीकडच्या माणसाला हाक मारली आणि गावच्या देवळात जाऊन देवाला निरोप सांगायला लावले, की गावचा भंगी आला होता, पण पुरामुळे परतला. निरोप पोचल्याची खात्री करून मगच ते मागे फिरले. या आग्रहाला कोणी हट्टही म्हणेल. मात्र सवय टिकते ती अशाच क्षणांवर, जेव्हा न जाण्याचे कारण पूर्णपणे योग्य असते. गांधीजींच्या हत्येनंतर कामाचे स्वरूप पालटले आणि हा क्रम थांबला, तोवर सुरगावच्या मुलांनाही फावड्याची ओळख झाली होती.

१९५० साली परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. पैशावाचून, बैलांवाचून, केवळ हातांनी शेती करायची. विहिरीचा रहाटही माणसांनीच फिरवायचा, आणि फिरवता फिरवता गीताईचा पाठ चालायचा. पन्नाशी ओलांडलेले, पोटाच्या व्रणाने त्रस्त असलेले विनोबा त्यात सामील होत.

एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरायचे होते. विनोबा तेथे जाण्यासाठी वर्ध्याहून पायी निघाले. परतीच्या वाटेवर तेलंगणातील अशांत मुलूख पाहावा म्हणून ते वळले आणि १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली या गावी हरिजनांनी जमिनीची मागणी करताच रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. त्या दिवसापासून जे सुरू झाले त्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. ४० लाखांहून अधिक एकर जमिनीचे दान जाहीर झाले. त्यातील बरीच जमीन नापीक किंवा तंट्यातली निघाली आणि पुष्कळशी वाटली गेलीच नाही, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. भूदानाचे मूल्यमापन अर्थशास्त्रज्ञांनी करावे. येथे पाहायचा तो चालणाऱ्याचा दिवस.

पहाटे तीनच्या सुमारास उठणे. प्रार्थना. अंधारातच प्रस्थान. दहा-बारा मैलांची मजल सकाळच्या वेळातच संपवायची, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी मुक्काम गाठला जाई. चाल अशी झपझप की बरोबरीच्या तरुणांची दमछाक व्हावी. पोटात अल्सर असल्यामुळे एका वेळी भरपूर खाणे शक्य नव्हते. दही, दूध, मध असा आहार दिवसातून अनेकदा, थोडाथोडा, मोजून. दुपारी कार्यकर्त्यांशी बोलणी आणि अध्ययन, संध्याकाळी प्रार्थनासभा व प्रवचन, आणि दिवेलागणीनंतर लवकरच निद्रा. मुक्कामाचे गाव रोज नवे, पण दिवस तोच. पंडित नेहरूंनी नियोजन मंडळाशी चर्चेसाठी दिल्लीला बोलावले तेव्हाही ते वर्ध्याहून दिल्लीपर्यंत चालतच गेले. वाटेतील प्रत्येक गाव त्यांच्या दृष्टीने दिल्लीइतकेच महत्त्वाचे होते. ज्या प्रांतातून जात तेथील भाषा आणि संतवाणी ते आत्मसात करीत. आसामात असताना माधवदेवांच्या ‘नामघोषा’तून त्यांनी सार निवडले. मराठी ही त्यांची मायबोली अखेरपर्यंत राहिली आणि तिच्यामुळे दुसऱ्या भाषेची वाट कधी अडली नाही, हे परप्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांना निराळे सांगायला नको.

या काळात एकदा निसर्गावरील त्यांचा विश्वास कसोटीला लागला. डिसेंबर १९५२ मध्ये तेव्हाच्या बिहारमधील चांडील येथे त्यांना घातक हिवतापाने गाठले. विनोबांनी औषध घेण्यास नकार दिला. ताप चढत गेला, शरीर क्षीण झाले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू आणि बिहारचे मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांनी काकुळतीने विनवण्या केल्या, तेव्हा कोठे त्यांनी औषध घेतले आणि ताप उतरला. नियम आणि दुराग्रह यांच्यातील सीमारेषा त्या दिवशी इतरांनी त्यांना दाखवली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. त्यांचे मोठेपण एवढेच की त्यांनी ती पाहिली आणि लोकांच्या इच्छेपुढे आपला नियम बाजूला ठेवला.

एप्रिल १९६४ मध्ये विनोबा पवनारला परतले. दरम्यान १९५९ साली तेथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झालेली होती. नंतर बिहारमधील वाहनातून केलेली यात्रा झाली, आणि १९७० साली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारबाहेर न जाण्याचे ठरवले. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन पाळले. आणीबाणीच्या त्या काळातील त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका झाली, आणि ती टीका करणाऱ्यांत त्यांचे जुने सहकारीही होते.

या अखेरच्या पर्वातील त्यांचे नित्याचे काम आश्रमाच्या अंगणाची सफाई हे होते. देशभर हिंडलेले पाय आता तेवढ्याच जागेत फिरत. अंगणात पडलेली काडी, वाळलेले पान, कचऱ्याचा कपटा वाकून उचलायचा, आणि प्रत्येक काडीबरोबर देवाचे नाव. त्या वेळी मनात दुसरा विचार नसतो आणि हे ध्यानच आहे, असे ते पाहुण्यांना समजावीत. काही भेटीला आलेल्या मोठमोठ्या मंडळींना तोवर थांबावे लागे. बडोद्याच्या घरी आई तांदळाचे दाणे मोजत असे, तो प्रकार याहून निराळा नव्हता.

१९८२च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आला. उपचार सुरू झाले, प्रकृतीला थोडा उतारही पडला. परंतु देहाचे काम संपले असे मानून विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध वर्ज्य केले. पंतप्रधान इंदिरा गांधी पवनारला येऊन भेटून गेल्या. डॉक्टर विनवीत राहिले. चांडीलला मान्य झालेली विनंती या वेळी मान्य झाली नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी सकाळी, धाम नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. वय ८७ वर्षे. नदीकाठच्या त्या जागी पहाटेची प्रार्थना, शेतातील श्रम आणि अंगणाची सफाई हा क्रम ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनी पुढे चालू ठेवला.